मदत हवी आहे: नमुन्याशिवाय स्वेटर, मुंढ्याला किती टाके मिटवायचे?

रानजाई
पाठ मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडायच्या काखेतल्या खाचेपर्यंत, विणून झाली आहे. १०० टाके, ८ नंबरच्या सुया. पुस्तक, तक्ता काही नाही, मापावरून विणते आहे. आता मुंढ्यासाठी दोन्ही बाजूंना किती टाके मिटवू (बंद करून सुईवरून काढू)? आज रात्रीच पुढे जायचे आहे, कृपया लवकर सांगा.

उभाधागा
कोणासाठी? छाती किती? इंचाला किती टाके बसतात? याशिवाय सांगितलेला कोणताही आकडा अंदाजपंचे ठरेल.

तिन्हीसांज
आणि ८ नंबर कुठला? आपल्याकडच्या सुयांवरचा ८ म्हणजे ४ मिमी, अमेरिकेतून आणलेल्या सुयांवरचा ८ म्हणजे ५ मिमी. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड.

रानजाई
सुया इथल्याच. बॉर्डर १० नंबरवर, एक सुलट एक उलट. वर साधे विणकाम, एक सुई सुलट, एक उलट. मुलगा १० वर्षांचा, छाती २८. इंचाला ७ टाके, म्हणून १४ इंचांचे ९८ आणि शिवणीचे २.

उभाधागा
डबल निटिंगची (मध्यम जाडीची) लोकर असेल तर ८ नंबरवर इंचाला ७ बसत नाहीत, साडेपाचच्या आसपास बसतात. बॉर्डरवर मोजलेत का? बॉर्डर आवळते, तिच्यावरचे माप धरायचे नाही. पाठ टेबलावर सपाट ठेवा, कडेचे टाके आणि सुईजवळच्या ओळी सोडून मधल्या ४ इंचांतले टाके मोजा.
दुसरे म्हणजे छातीच्या मापात सैलपणा धरलेलाच नाही. आत शर्ट असतो, मुलाला ४ इंच तरी हवेत.

कैरी
यासाठीच गळ्याकडून खाली रॅगलान (गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेषांचा स्वेटर) विणावा. गळ्याच्या टाक्यांचे पाठ आणि पुढा एकेक तृतीयांश, बाह्या एकेक षष्ठांश असे भाग करायचे, चार रेषांवर एकाआड ओळीला ८ टाके वाढवायचे. मुंढा नाही, शिवण नाही आणि मुलाच्या अंगाला लावून बघता येते.

तिन्हीसांज
कैरी, त्यांची पाठ खालून वर अर्धी झाली आहे. रॅगलानचा इथे काय उपयोग?

रानजाई
बॉर्डरवरच मोजले होते. आता साध्या भागावर ४ इंचांत २२ टाके आणि २८ ओळी आल्या. लोकर डबल निटिंगच आहे.

उभाधागा
म्हणजे इंचाला साडेपाच. १०० टाके म्हणजे १८ इंच, पूर्ण घेर ३६. छाती २८ असताना ८ इंच सैल. उसवा. २८ अधिक ४ म्हणजे ३२, पाठीला १६ इंच, ८८ टाके, शिवणीचे २ धरून ९०.

गाठोडे
उसवायला का लावता? मुलगा वाढतोय. खांदे साधारण साडेबारा इंच धरले तर वर ७० टाके उरायला हवेत. ३० कमी करायचे, म्हणजे दर बाजूला १५: लागोपाठच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ५-५ मिटवा, मग एकाआड ओळीला दोन्ही कडांना एकेक, असे १० वेळा. २० ओळी, जेमतेम ३ इंच. मुंढा पावणेसात इंच खोल.

उभाधागा
हिशेब बरोबर, पण काखेत कापडाचा बोंगा होईल. ९० टाक्यांना दर बाजूला १० च जातात: ४ मिटवायचे, मग ६ वेळा एकेक. बाहीच्या माथ्यालाही सुरुवातीला तेवढेच ४ मिटवा, नाहीतर शिवताना काखेत जुळत नाही. वरच्या ७० चे खांदे २१-२१, गळा २८. गळ्याची बॉर्डर सैल हाताने बंद करा, डोके त्यातूनच जायचे आहे.

कैरी
मुंढा नकोच असेल तर सरळ वर जा. खांदा दंडावर उतरतो, बाही तेवढी आखूड करायची. कडेवरून दर ५ ओळींमागे ४ टाके उचला, सगळे उचलले तर बाही झालरीसारखी फुगते.

पळसपान
लोकरीच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत ठेवावा. गोळ्यांचा वास लवकर जात नाही.

गाठोडे
पळसपान, स्वेटर अजून व्हायचा आहे! रानजाई, लोकर एकूण किती आहे? झालेल्या भागाचे वजन करा. पूर्ण स्वेटरला साधारण पाठीच्या सव्वातीनपट लागते.

रानजाई
५० ग्रॅमचे ५ गोळे. झालेला भाग ५५ ग्रॅम. त्या लॉटची (एकाच वेळी रंगवलेली) लोकर दुकानात संपली आहे.

गाठोडे
मग मी मागे घेतो. मुंढ्याच्या वरचे २८-३० ग्रॅम धरले तर पाठ ८४, एकूण २७३. पुरणार नाही. ९० टाक्यांनी पाठ ७५ वर येईल, एकूण २४४. काठावर आहे, म्हणून पाठीनंतर आधी बाह्या विणा आणि गळ्याची बॉर्डर दुसऱ्या रंगात ठेवा.

तिन्हीसांज
उसवलेली लोकर तशीच विणू नका, टाके लहानमोठे येतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात २० मिनिटे बुडवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून टांगा. वळ्या निघाल्यावरच गोळा करा.

रानजाई
उसवायला घेतली. बॉर्डर ठेवून फक्त वरचा भाग उसवला आणि पहिल्याच ओळीत १० टाके कमी केले तर चालेल का?

उभाधागा
चालेल. दर ९ व्या-१० व्या टाक्याची जोडी करा, म्हणजे दोन्ही एकत्र विणून एक करा. खालची कड थोडी सैल राहील, ती चालत नसेल तर बॉर्डरही उसवा.