अडचणीच्या काळात सोबत्यांनी कसं सांभाळलं? (अनुभव धागा)

पायवाट:
काल रात्री पावसाचं पाणी अंगणात चढलं. टॉर्च घेऊन पायरीवर उभी राहिले आणि एकदम डोमखेडी आठवलं. १९९९ चा पावसाळा, सरदार सरोवर धरणाची बुडीत, नर्मदा आंदोलनाच्या सत्याग्रहाच्या झोपडीत शिरलेलं नर्मदेचं पाणी. ते कमरेच्या वर गेलं तेव्हा घोषणा थांबल्या आणि शेजारच्या पावरा आदिवासी मावशीने माझं मनगट धरलं. तिची भाषा मला धड येत नव्हती. थोड्या थोड्या वेळाने ती मनगट दाबायची, मी उलट दाबायचे. आहेस ना? आहे. पोहता न येणाऱ्यांना मध्ये घेतलं होतं, कडेने नदीकाठची माणसं. बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. जमीन तिची जात होती, आणि काळजी ती माझी करत होती.
तुम्हाला असं कोणी सांभाळलं असेल तर लिहा. छोटंसं असलं तरी चालेल.

गिरणगावचा:
१८ जानेवारी ८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाख कामगार बाहेर, त्यात आमचे बाबा. सुरुवातीला जोश होता, मग घरोघरी डबे रिकामे व्हायला लागले. बाबा लोकांकडे धान्य पोचवायचे आणि स्वतःच्या घरचं कुणाला सांगायचे नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंची खानावळ होती. त्यांनी आईला सरळ पोळ्या लाटायला बसवलं, 'मला हात कमी पडतायत' म्हणून. मदत म्हणाल्या असत्या तर आई गेलीच नसती. रात्री येताना तिच्या हातात पोळ्या आणि कालवण. गावाहून चुलत्यांनी एसटीच्या टपावर टाकून तांदळाचं पोतं पाठवलं, ते आठ खोल्यांत वाटलं. संप कुणी मागे घेतलाच नाही. बाबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत.

चहाचा_कप:
पायवाट, धडगावकडून गेलीस का? माझा मामा तिकडे शिक्षक होता. तो असताना जिल्हा धुळे, नंदुरबार ९८ ला वेगळा झाला. (अवांतर झालं, सॉरी)

पायवाट:
हो गं, धडगावपर्यंत जीप, पुढे डोंगर उतरून पायी.

निळी_शाई:
आणीबाणी. वडील समाजवादी, मिसाखाली (विनाचौकशी डांबायचा कायदा) येरवड्यात. ओळखीचे लोक आम्हाला पाहून रस्ता बदलायचे. आईला पहिल्या भेटीला कोणी नेलं, तर संघवाल्या घरातल्या काकूंनी. त्यांचेही मिस्टर आतच होते. एरवी दोन्ही घरांत नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं. मग एक भेटीला गेली की दुसरी आम्हा पाच पोरांना जेवू घालायची. मार्च ७७ ला आणीबाणी उठली, आणि काही वर्षांत राजकारणात पुन्हा दोन टोकांना गेले सगळे. पण दिवाळीचा पहिला डबा आईने शेवटपर्यंत काकूंकडेच पाठवला.

थांबा_थोडं:
कुकर लावून लिहितोय. २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च, ६ मार्चला नाशिकहून निघालेला, जवळजवळ १८० किमी. मी फक्त शेवटच्या रात्री सोमय्या मैदानावर मलमपट्टीला होतो. एका आजींच्या तळव्याचं कातडं सुटलेलं, चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला. कापूस घेऊन बसलो तर म्हणाल्या, आधी हिचं बघ. हिच्याकडे वळलो तर तिने तिसरीकडे बोट केलं. आणि दहावीच्या पोरांचे पेपर आहेत, सकाळी रस्ते अडायला नकोत म्हणून त्याच पायांनी रात्रीच उठून सगळे आझाद मैदानाकडे चालत गेले. तिसरी शिट्टी झाली, आलो

चहाचा_कप:
मुंबईकरांनी चपला वाटल्या होत्या ना?

थांबा_थोडं:
हो, पाणी, बिस्किटंही. पण फोडांवर नवी चप्पल आणखी चावते. काही जणी हातात धरूनच चालत होत्या.

सातबारा:
आंदोलनात अटक झाली, जामीनदार हवा होता. सख्खा भाऊ म्हणाला, विचार करून सांगतो. संघटनेतल्या एकाने, ओळख जेमतेम वर्षाची, दीड एकराचा सातबारा माझ्यासाठी कोर्टात दिला. नंतर विचारलं, वहिनींना माहीत आहे का? म्हणाला, तिनेच पेटीतून काढून दिला.

उन्हाळ:
सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडे कोणी आलं नाही, तेही लिहू का? मोर्चाला दोनशे जण होतो, गुन्हा तिघांवर. बाकी दोघं नोकरीसाठी लांब गेले, त्यांचा वकील हजेरी माफ करून घेतो. पहिल्या दोन तारखांना सगळे आले. आता मी एकटीच बाकड्यावर बसते, मुलाला शेजारी ठेवून. ग्रुपवर जय भीम, लाल सलाम, अंगठे येतात. राग नाही, पण फार थकलेय. १४ ला परत तारीख.

पायवाट:
हेच लिही गं. याच्यासाठीच काढलाय धागा.

सातबारा:
कुठलं कोर्ट? व्यनि (खाजगी निरोप) कर. हजेरी माफीचा अर्ज तुझ्यासाठीही देता येतो, मूल लहान आहे हे वकिलाला स्पष्ट सांग.

उन्हाळ:
केला व्यनि.

सातबारा:
मिळाला. माझ्यापासून अर्ध्या तासावर आहे. १४ ला साडेदहाला गेटवर थांबतो.

निळी_शाई:
मुलगा केवढा आहे? माझ्याकडे चित्रं रंगवायच्या वह्या पडल्यात.