आंतरजालावर सापडलेली गोष्ट फलकावर लावण्यापूर्वी कशी तपासावी आणि कशी जपावी?

वाचनकट्टा, अंबाजोगाई

नमस्कार. मी अंबाजोगाईतील एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी आमचा एक लाकडी फलक आहे आणि गेली दोन वर्षे दर शनिवारी मी त्यावर ‘या आठवड्यात सापडले’ या मथळ्याचा एक कागद लावते. जुना चित्रपट, विसरलेले ध्वनिमुद्रण, छपाईच्या किंवा संगणकाच्या इतिहासातील एखादी गोष्ट, असे जे काही आंतरजालावर हाती लागते त्याबद्दल चार-पाच ओळी लिहून खाली क्यूआर कोड चिकटवते. सकाळी स्पर्धा परीक्षांची मुले येतात, दुपारी निवृत्त मंडळी येतात आणि दोघेही तो कागद थांबून वाचतात. त्यामुळे त्यावर चुकीचे काही जाऊ नये, याची मला काळजी वाटते.

तीन आठवड्यांपूर्वी मोबाइलवर आलेले एक छायाचित्र मी लावले. त्याखाली ‘भारताच्या पहिल्या चित्रपटातील दृश्य, १९१३’ असे लिहिलेले होते आणि मीही तेच उतरवून काढले. आमच्याकडे येणारे एक गुरुजी, ज्यांनी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्या कागदासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, “बाई, हे १९१३चंच आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी कागद उतरवला, पण प्रश्न मनातून गेला नाही.

दुसरी अडचण वहीची आहे. सापडलेल्या गोष्टींचे पत्ते मी एका वहीत लिहून ठेवते. परवा पहिल्या पानापासून तपासायला घेतले, तर पहिल्या बारा पत्त्यांपैकी सात नीट उघडलेच नाहीत. एखादी गोष्ट खरी कुठली आहे हे कसे शोधावे, सापडलेली गोष्ट हातची जाऊ नये म्हणून काय करावे आणि आपल्या भागातील वाचकांना जवळची वाटेल अशी सामग्री कुठे आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

चित्ररसिक, छत्रपती संभाजीनगर

ताई, गुरुजींची शंका अगदी योग्य जागी होती. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ३ मे १९१३ रोजी लोकांसाठी लागला, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो आज आपल्या डोळ्यांसमोर असलेल्या फिल्मबद्दल. या चित्रपटाची फक्त पहिली आणि शेवटची रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झालेली आहेत आणि तीही मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये तेच कथानक पुन्हा चित्रित केले त्याची आहेत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. म्हणजे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्राखाली १९१३ हे साल डोळे मिटून लिहिता येत नाही. ‘राजा हरिश्चंद्र, फाळके, उपलब्ध रिळे काही अभ्यासकांच्या मते १९१७ची’ असे लिहिले असते, तर कागद उतरवण्याची वेळ आली नसती, आणि माझ्या मते तो कागद अधिक वाचनीयही झाला असता. वाचकाला तयार उत्तरापेक्षा असा उघडा असलेला प्रश्न अधिक वेळ धरून ठेवतो, हा मला चित्रपट मंडळाच्या कामात आलेला अनुभव आहे.

माझी विनंती आहे की, फाळक्यांवरचा पुढचा कागद ‘कालिया मर्दन’वर करावा. हा चित्रपट १९१९चा असून त्याचा बराचसा भाग वाचलेला आहे. यात कृष्णाची भूमिका फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. सुरुवातीला ती कृष्णाच्या वेशात नसते. साध्या मुलीच्या रूपात कॅमेऱ्यासमोर बसून ती एकेक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचे रूप उमटते. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाला ‘हा देव नव्हे, हे अभिनय करणारे लेकरू आहे’ हे आधी सांगून मग देव दाखवण्याचे धैर्य त्या माणसात होते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना फाळक्यांचे नाव आणि साल पाठ असते, पण ही दोन मिनिटे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेली असतात.

वाचनालयात पडद्यावर दाखवायचे असेल, तर कायद्याची बाजूही पाहावी. आपल्याकडे चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे यांचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निधनाला १९९१ मध्ये ५० वर्षे पूर्ण होत आली, तेव्हा त्यांचे साहित्य लगेच मुक्त होऊ नये म्हणून मुदत वाढवण्याची मागणी झाली आणि कायदा बदलला. फाळक्यांच्या चित्रपटांची मुदत केव्हाच संपलेली आहे.

---

ताडकळस रोड, परभणी

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ इच्छितो, कारण ते माझ्या घरातच घडलेले आहे.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी गावोगावी फिरून महाराष्ट्रातील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे. पुढे बर्नार्ड बेल या संगणक आणि संगीत यांच्या अभ्यासकाने त्यातील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले आणि आता पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘परी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. प्रत्येक ओवीसोबत शब्द, गाणारीचे नाव, तिचे गाव आणि ध्वनिमुद्रणाची तारीख दिलेली असते. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपण विचारलेले ‘खरे कुठले’ याचे उत्तर तिथे त्या बाईच्या नावानेच लिहून ठेवलेले आहे. आपल्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या त्यात आहेत आणि आमच्या परभणी जिल्ह्यातील ताडकळसचेही ध्वनिमुद्रण आहे.

ताडकळसची ओवी मी एका संध्याकाळी आजीला ऐकवली. ती ओट्यावर लसूण सोलत होती. फोन परातीच्या कडेला टेकवून ठेवला. पहिली ओळ संपली तेव्हा तिचे हात थांबले, दुसऱ्या ओळीला उजवी मूठ खुंटा धरल्यासारखी मिटली आणि कोपर आपोआप फिरू लागले. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “गळा चांगलाय, पण जातं नाही हिच्या म्होरं. दम बघ कसा मोकळा सोडायलीय. जात्यावर म्हणताना एवढा दम कुठला उरतो बापा?” मी त्या ध्वनिमुद्रणाबद्दल तीन-चार लेख वाचले होते, पण ही गोष्ट मला एकाही लेखातून कळली नव्हती. त्यानंतर तिने तीच ओवी तिच्या माहेरी, जिंतूरकडे, कशी म्हणत ते म्हणून दाखवले. शेवटचे पद वेगळे होते.

ताई, फलकावर कोड लावाल तेव्हा त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात आणि ‘आपल्या घरी ही ओवी कशी म्हणतात?’ असे विचारावे. ज्येष्ठ बायका वाचनालयात येत नसतील, तर मुले घरी जाऊन विचारतील.

---

अक्षरजुळणी, लातूर

वहीतल्या बंद पडलेल्या पत्त्यांबद्दल लिहितो. मी पंचवीस वर्षे मराठी अक्षरजुळणीचे काम करतो आणि या दुखण्याशी माझी जुनी ओळख आहे. ऑर्कुट हे गप्पा-चर्चांचे संकेतस्थळ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, तेव्हा आमच्या काही मराठी समूहांतील शेकडो चर्चा डोळ्यांदेखत गेल्या आणि आम्ही कोणीही त्यांची प्रत काढून ठेवलेली नव्हती. त्याचे मला आजही वाईट वाटते.

इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती साठवते आहे आणि २००१ पासून ‘वेबॅक मशीन’ या नावाने त्या सर्वांना पाहता येतात. आपल्या सात पत्त्यांपैकी प्रत्येक पत्ता तिथे टाकून पाहावा. काही नक्की सापडतील. त्या प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडे असतात. पहिले चार वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, मग दिवस, तास, मिनिट आणि सेकंद. म्हणजे ते पान कोणत्या क्षणी जसे होते तसे जपले गेले, हे पत्त्यातच कोरलेले असते. वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. तिथेच नवे पान साठवण्याचीही सोय आहे. माझा नियम असा की, एखादी गोष्ट आवडली की आधी तिची प्रत तिथे साठवायची, मग वहीत मूळ पत्ता आणि साठवलेला पत्ता दोन्ही लिहायचे आणि त्यानंतरच ती दुसऱ्याला पाठवायची. ध्वनी आणि चलच्चित्रे मात्र अशा प्रतीत पुष्कळदा येत नाहीत, म्हणून त्यांचे नाव, साल आणि मूळ संग्रह कोणता, हे शब्दांत लिहून ठेवणे आवश्यक आहे.

आणखी एक शक्यता तपासावी. आपल्याला ‘बिघडलेले’ वाटणारे पान जुन्या फॉन्टमधले असू शकते. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखण्याची पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापला फॉन्ट वापरत आणि तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसेल, तर रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. तो मजकूर मेलेला नसतो. फॉन्ट ओळखून परिवर्तक (जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे साधन) वापरला की मराठी जशीच्या तशी बाहेर येते. शोध घेतानाही अशीच एक गोम आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून ते उमटवत आणि अनेक जण अजूनही तसेच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकासाठी ती वेगळी आहेत. म्हणून जुन्या मराठी पानांत किंवा याद्यांत ‘ॲटलस’सारखा शब्द शोधायचा असेल, तर दोन्ही रीतींनी टंकून पाहावे. मला एका जुन्या मासिकाची सूची केवळ या युक्तीने सापडली आहे.

---

तबकडी, नांदेड

वर चित्रपटाचा विषय झाला आहे, म्हणून मी आवाजाबद्दल थोडक्यात भर घालते.

गौहर जान यांच्या १९०२च्या ध्वनिमुद्रिका आंतरजालावर मिळतात. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारतात. पुष्कळ ठिकाणी याला गायिकेचा तोरा म्हटले जाते, परंतु कारण कामाचे होते. मुद्रण कलकत्त्यात होई आणि तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार होत. तिथल्या तंत्रज्ञाला गाणे कोणाचे आहे हे त्या आवाजावरून कळे. त्या तबकड्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत आणि त्या ज्या लाखेपासून बनत, ती लाख मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जाई.

भाषाअभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात ध्वनिमुद्रित झालेल्या बोलींच्या तबकड्या शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात ऐकता येतात. वेगवेगळ्या भाषांतील माणसे त्यात पुष्कळदा बायबलमधील ‘उधळ्या मुलाची गोष्ट’ ही एकच कथा सांगतात, त्यामुळे तुलना सहज करता येते. ताडकळस रोड यांच्या आजींना त्यातील मराठी ऐकवून त्या काय म्हणतात, ते इथे जरूर कळवावे.

आणि मराठवाड्यातील वाचकांसाठी एक छोटी गोष्ट. स्वातंत्र्यानंतर संस्थानांची जी पाच नभोवाणी केंद्रे आकाशवाणीकडे आली, त्यात म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा आणि हैदराबाद यांच्याबरोबर तेव्हाचे औरंगाबादही होते. ज्या घरी निजामाच्या काळातला रेडिओ किंवा त्याचा परवाना जपलेला असेल, त्यांनी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. आंतरजालावर या केंद्राची फारशी सामग्री मला आढळलेली नाही. ती आपल्या ट्रंकांमध्येच असणार.

---

वाचनकट्टा, अंबाजोगाई

सर्वांचे मनापासून आभार. सातपैकी चार पत्ते वेबॅक मशीनमध्ये मिळाले. पाचवे पान गिचमिड अक्षरांचे होते. अक्षरजुळणी दादांनी सांगितल्याप्रमाणे परिवर्तकातून काढले, तर ती एका दिवाळी अंकाची संपूर्ण अनुक्रमणिका निघाली. उरलेल्या दोन पत्त्यांसमोर वहीत तारीख घालून ‘गेले’ असे लिहिले आहे.

या शनिवारी ‘कालिया मर्दन’चा कागद लावला. कोडखाली साल, फिल्मचा किती भाग उपलब्ध आहे, मी ती कुठे पाहिली आणि कोणत्या तारखेला पाहिली, अशा चार नोंदी केल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ची चूकही त्याच कागदाच्या तळाशी दुरुस्त केली. गुरुजींनी तो भाग वाचून खिशातले पेन काढले आणि १९१७ या आकड्याखाली रेघ ओढली.

पुढचा कागद ओव्यांचा आहे. ताडकळस रोड, आपल्या आजींची हरकत नसेल, तर त्यांनी म्हटलेले जिंतूरकडचे शेवटचे पद मला लिहून पाठवाल का? ते मला मूळ ओवीच्या शेजारी, त्यांच्या गावाच्या नावासह लावायचे आहे.

---

ताडकळस रोड, परभणी

ताई, आजीला विचारले. तिची हरकत नाही. मात्र ते पद लिहून न पाठवता तिच्या आवाजात पाठव, असे तिचे म्हणणे आहे. शेजारच्या घरी जाते अजून बसवलेले आहे. गुरुवारी तिला तिथे घेऊन जातो आणि जात्यावर बसूनच म्हणायला सांगतो.