‘बेअर बॉडकिन’ म्हणजे कट्यार? साफ नामंजूर!

पोतडी: एका पोस्टमध्ये वाचलं: ‘हॅम्लेटच्या स्वगतातल्या “बेअर बॉडकिन”ला मराठीत कट्यारच शोभते, विषय संपला.’ नाही संपला! शेक्सपिअरच्या नाटकातला हा राजपुत्र म्हणतो: एका ‘बेअर बॉडकिन’नं स्वतःच सगळं संपवता येत असताना एवढी दुःखं कोण सोसेल? कट्यारीचं पातं रुंद, तिकोनी, मूठ आडवी. ठोसा मारावा तशी ती चालवायची. बॉडकिन बारीक, अणकुचीदार. शिवाय टोचा, केसांत खोवायचा आकडा, हेही त्याच शब्दाचे अर्थ. एवढं थोरलं दुःख आणि त्यापुढे एवढीशी वस्तू, यातच त्या ओळीचा जीव आहे. सरदाराची कट्यार आणलीत की ओळ मेली. माझ्या मते ‘दाभण’. आजी पोती शिवताना दाभण तिच्या तळहातातून आरपार गेला होता. रक्त थेंबभर, पण ती भिंतीला टेकून बसली ती बराच वेळ उठली नाही.

तिसरीघंटा: ती पोस्ट माझी. राजपुत्र दाभण म्हणाला की हशा पिकतो. आम्ही एका प्रयोगात ‘टोचा’ म्हणून पाहिलं. मागून कुणी ओरडलं, ‘पोतं शिवतोस काय रे?’ नटाचं पुढचं सगळं स्वगत वाहून गेलं. आणि शेक्सपिअरच्या आधीचा इंग्रज कवी चॉसर, त्याच्या काव्यात ब्रूटस आणि मंडळी सीझरला बॉडकिननंच भोसकतात. त्यांच्या हातात काय सुया होत्या?

गडवाट: मग सरळ ‘खंजीर’ म्हणा.

मायबोलीरक्षक: खंजीर अरबी आहे! महाराजांनी अरबी-फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? त्यात शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे. आपण मात्र तेच शब्द पुन्हा उराशी धरतोय.

गडवाट: कोशाबद्दल आदर आहेच. पण साडेतीनशे वर्षांनी पाठीत काय खुपसतात? खंजीरच. ‘पाठीत कृपाण खुपसलं’ असं बोलणारा एक माणूस दाखवा.

मायबोलीरक्षक: लोक चुकीचं बोलतात म्हणून ते बरोबर होत नाही. माझा मुलगा ‘दिनांक’ म्हणाला तर वर्ग हसला. ही लाज कुणी शिकवली त्याला?

गडवाट: मुलाला हसले ते वाईटच. पण त्याचा राग खंजिरावर काढू नका! ‘तारीख’, ‘जमीन’, ‘हजर’ काढून टाका आणि सातबारा वाचून दाखवा.

पोतडी: अहो, अरबी-फारसी बाजूला ठेवा! चॉसरचा मुद्दा मला मानावा लागेल. तिथे शस्त्रच आहे. पण शस्त्र असलं तरी ते कट्यार होत नाही. आणि ‘बेअर’चं काय करणार? म्यानाबाहेर काढलेलं आणि केवळ, दोन्ही अर्थ एका शब्दात आहेत. ‘नंगी’ म्हटलं तर पहिलाच उरतो, ‘नुसती’ म्हटलं तर दुसरा.

तिसरीघंटा: दुसरा ठेवा. कट्यार तिथे फार भारदस्त होते हे मान्य, पण तुमच्या आजीमुळे नाही, त्या ‘केवळ’मुळे. पुढच्या तालमीत ‘नुसत्या सुरीनं’ म्हणवून बघतो. दाभण माझ्या रंगमंचावर येणार नाही.