आंतरराष्ट्रीय कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंध : एकत्र शिकवावेत का?

कोयनाकाठ (धागाकर्ता)
एम.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध शिकलो. दोन वर्षांत एकही निवाडा मुळातून वाचला नाही. शेजारच्या इमारतीत एलएलएमची मुलं निवाडे वाचत होती, पण सरकारं ते का मानतात हे त्यांना कुणी विचारत नव्हतं. ही फारकत चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचं सातवं परिशिष्ट घ्या, म्हणजे समुद्रावरचे वाद लवादापुढे नेण्याची तरतूद. त्याखालच्या लवादाने ७ जुलै २०१४ ला बंगालच्या उपसागरातल्या वादग्रस्त २५,६०२ चौ. किमीपैकी १९,४६७ बांगलादेशाला दिले. भारताने ते मान्य केलं. १२ जुलै २०१६ ला दक्षिण चिनी समुद्राच्या वादात चीनविरुद्ध, फिलिपिन्सच्या बाजूने तसाच निवाडा लागला, तो चीनने धुडकावला. पाचपैकी तीन सदस्य दोन्ही लवादांत तेच होते! नुसती कलमं वाचून हे कसं उलगडणार?

सागरवेळा
असहमत. मी वकिली करते. फरक आधी कायद्यातच आहे. चीनने २००६ मध्ये याच कराराच्या कलम २९८ खाली सीमाआखणीचे वाद सक्तीच्या लवादाबाहेर काढले होते, भारताने नाही. म्हणून फिलिपिन्सने सीमा आखून मागितलीच नाही. चीन ज्या नऊ तुटक रेषांनी त्या समुद्रावर हक्क सांगतो त्यांना करारात आधार आहे का, अमुक खडक बेट ठरतो का, असं विचारलं.

आणि २०१४ चा निवाडा उघडून तरी बघा. रॅडक्लिफने १९४७ साली ठरवलेली हद्द समुद्राला नेमकी कुठे भिडते, यावर जुने नकाशे काढून दोन्ही बाजू भांडल्या. १९७० च्या चक्रीवादळानंतर वर आलेलं आणि पुढे पाण्याखाली गेलेलं न्यू मूर बेटही त्यात आहे. लवादाचे सदस्य ऑक्टोबर २०१३ मध्ये स्वतः जागा पाहायला गेले होते. ‘देशाने मानलं की नाही’ एवढंच विचारलं, की ही सगळी मेहनत दिसेनाशी होते. फिनलंडचे कायदेपंडित मार्टी कोस्केनिएमी यांनी अमेरिकी विद्यापीठांतल्या कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या सरमिसळीवर कडक टीका केली आहे, ती मला पटते.

रानवाट
ताकदीचं काय? ढाक्यात तेव्हा मैत्रीचं सरकार होतं, ईशान्येतल्या बंडखोरांवर तिथे कारवाई होत होती. भारताला निवाडा मानणं परवडलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयात निकाराग्वाने भरलेल्या खटल्यात १९८६ मध्ये अमेरिका हरली आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून मोकळी झाली.

कोयनाकाठ
रानवाट, ऑक्टोबर २००९ मध्ये भारताला लवादापुढे खेचलं ते त्याच मैत्रीच्या सरकारने. मैत्रीवर भागत होतं तर का खेचलं? दुसरं, २०१६ मध्ये दिल्लीने फिलिपिन्सच्या निवाड्याची फक्त ‘दखल घेतली’. जून २०२३ च्या फिलिपिन्ससोबतच्या संयुक्त निवेदनात मात्र तो पाळा असं म्हटलं. चीनने धुडकावलेला कागद सात वर्षांनी आपल्या परराष्ट्र धोरणात आला. हे ताकदीच्या हिशोबात कुठे बसवणार?

सागरवेळा, कलम २९८ चा मुद्दा मान्य. तो मला कुणी शिकवलाच नव्हता. पण चीनने करार मंजूर केला १९९६ मध्ये. मग दहा वर्षांनीच हे वाद का वगळले? याचं उत्तर कलमात नाही.

सागरवेळा
प्रश्न रास्त आहे. पण तो पडायला आधी कलम वाचावं लागलं. एकत्र अभ्यासक्रम करायचा तर पहिलं वर्ष अख्खे निवाडे वाचण्याचं ठेवा, सिद्धांत दुसऱ्या वर्षी. उलटं करणार असाल तर माझा विरोध कायम.