मदत हवी आहे: ओरांगउटानसाठी जमवलेले पैसे इंडोनेशियाला कसे पाठवायचे?

मोहफूल
नमस्कार. आमच्या गावच्या पोरांनी ओरांगउटानसाठी, म्हणजे बोर्निओ-सुमात्राच्या जंगलातल्या मोठ्या बिनशेपटीच्या वानरांसाठी, पैसे जमवले आहेत. ते बोर्निओतल्या एका संस्थेला पाठवायचे आहेत. बँकेत गेले तर साहेब आधी म्हणाले खात्यात भरा, मग म्हणाले या खात्यातून बाहेरदेशी जाणार नाहीत. संस्थेच्या साईटवर कार्ड टाकलं तर तेही नाकारलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हिशोब वाचून दाखवायचा आहे, त्याआधी पैसे पोहोचायला हवेत. कोणी पाठवले असतील तर नेमकं काय करायचं ते लवकर सांगा. कशासाठी ते विचारू नका, कसं ते सांगा.

सावजी_नागपूर
ताई, कोणतं खातं? कोणतं कार्ड? रक्कम किती? संस्था कोणती? यातलं काहीच लिहिलं नाही, तर सांगणार काय?

वैनगंगाकाठ
कार्ड साधं रुपे असेल तर परदेशी साईटवर चालत नाही. दुसरं असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात, मुळात ते बंदच असतात. मी मुलीच्या परीक्षेची फी अशीच भरली होती.

मोहफूल
कार्ड माझ्या पगाराच्या खात्याचं, रुपेच आहे. रक्कम साडेअठरा हजार. संस्था बोर्निओ ओरांगउटान सर्व्हायवल फाउंडेशन. मध्य कालिमंतानमध्ये, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात, नियारू मेंतेंगला त्यांचं केंद्र आहे.

कास्तकार_दारव्हा
ताई, पैसे पाठवून राहिले तं खुशाल पाठवा. पन तिकडचं जंगल कायच्यानं जाऊन राहिलं थेबी पोट्ट्यायले सांगा. पामतेलानं. थेच तेल आपल्या कडईत येते. बिस्किटात हाय, साबनात हाय, हाटेलातल्या भज्यात हाय. जगात सगळ्यात जास्त पामतेल आपलाच देश आनते. सप्टेंबर २०२४ मंदी कच्च्या तेलावरची मूळ ड्युटी २० टक्के केली, मे २०२५ मंदी १० वर आनली. इकडं सोयाबीन हमीभावाच्या खाली इकावं लागते. तिकडं थे जनावर मरते अन् इकडं कास्तकार. घानीचं जवसाचं तेल खा म्हना सगळ्यायले, पैसे पाठवाची गरजच नाही.

गवताळ
कास्तकार भाऊ, भावाचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण पामतेल बंद करून जंगल वाचत नाही. पाम एका हेक्टरला तीन टनांच्या वर तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर कितीतरी जास्त जमीन लागेल, आणि ती कोणाचं तरी जंगल तोडूनच मिळेल. मुद्दा हा आहे की नवीन बाग जंगल तोडून लागू नये.

मोहफूल ताई, तुम्हाला वेगळं सुचवतो. आपल्या देशात बिनशेपटीच्या वानरांची (एप) एकच जातकुळी आहे, हूलॉक गिबन. आसामात जोरहाट जिल्ह्यात होलोंगापार अभयारण्य आहे, जेमतेम २१ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या मधून रेल्वे गेली आहे. गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही, त्यामुळे रुळाच्या अलीकडचे अलीकडे अडकून पडलेत. पैसे तिथे द्या. देशातल्या देशात, कसलीच परवानगी नको.

कास्तकार_दारव्हा
थे जमिनीचं गनित मले बी समजते भाऊ. पन आमच्या गावात जवस पेरनारे बोटावर मोजन्याइतके राहिले, थे कोनं मोजलं का?

मोहफूल
गिबनसाठी पुढच्या वर्षी नक्की करू. हे पैसे ओरांगउटानच्या नावानं मागितले आहेत. मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, पोरांनी जवसाच्या चटणीची पाकिटं विकली. रात्रीच्या नाटकाच्या तिकिटावर कंपनीनं दर तिकिटामागे पाच रुपये सोडले. तंबूच्या दारात सातवीतल्या मुलीनं रंगवलेला फलक होता, आईच्या कुशीला चिकटलेलं पिल्लू, आणि खाली ‘यांच्या जंगलासाठी’. लोकांनी तो वाचून पैसे दिले. ते दुसरीकडे वळवले तर पुढच्या मंडईत कोणत्या तोंडानं मागायचे?

राखीव_जंगल
ताई, माफ करा, पण मला बोलावंच लागतं. मी ब्रह्मपुरीकडचा. आमच्या शेजारच्या गावातली बाई मोहफुलं वेचायला पहाटे गेली ती परत आली नाही. वाघ. तिच्या घरी अजून गॅस नाही, म्हणून लेक सरपणाला त्याच जंगलात जाते. साडेअठरा हजारांत किती घरांचं काम झालं असतं. समुद्रापलीकडच्या माकडासाठी आपल्या पोरांना राबवणं मला पटत नाही.

मोहफूल
दादा, आमचं गाव तुमच्यापासून लांब नाही. आमची पोरंही पहाटे टोपल्या घेऊन जातात आणि एकमेकांना हाका मारत वेचतात. म्हणूनच त्यांना ते कळलं. वाचनालयात त्यांना एक चित्रफीत दाखवली. तिकडे आई मारून पिल्लू विकतात. सुटका झालेल्या पिल्लाला झाडावर चढायचं कसं, कोणतं फळ खायचं, संध्याकाळी फांद्या वाकवून झोपायचं घरटं कसं करायचं, यातलं काहीच येत नाही, कारण ते सगळं आई शिकवते. सहा-सात-आठ वर्षं पिल्लू आईजवळच असतं. केंद्रातल्या बायका त्यांना रोज जंगलात घेऊन जातात, त्याला वनशाळा म्हणतात. एक पोरगा मला म्हणाला, मॅडम, हे तर आपल्यासारखंच जंगलात जाणं आहे. त्या पोरांना मी राबवलं नाही. पाटा-वरवंट्यावर जवस वाटताना हात दुखतात, तरी एकही उठला नाही.

गॅसचा मुद्दा ग्रामसभेत मांडा, मी तुमच्या बाजूनं बोलेन.

जुनेजाणते
ओरांगउटान आपल्या महाराष्ट्रातही होती. पुण्याच्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात बिन्नी नावाची मादी होती. २००३ मध्ये तिला ओडिशात नंदनकाननला हलवलं, २०१९ मध्ये ती तिथेच वारली. त्या वेळी ती देशातली एकमेव होती. मी कात्रजला तिला पाहिलं आहे. नागपूरहून भुवनेश्वरला थेट गाडी आहे का, कोणाला माहीत आहे का?

सिंगापुरी_वैदर्भीय
मी मूळचा वरोऱ्याचा. २०१५ मध्ये इथे सिंगापुरात महिनेच्या महिने धूर होता, एक दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर सुमात्रा आणि कालिमंतानचा. तिथली जमीन म्हणजे हजारो वर्षं न कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा ओला थर, कुठे कुठे कित्येक मीटर खोल. १९९०च्या दशकात मध्य कालिमंतानमध्ये दहा लाख हेक्टरवर भात पिकवायच्या नावाखाली तिथे कालवे खणले. भात काही नीट पिकला नाही, पाणी मात्र निघून गेलं. वाळलेला थर एकदा पेटला की आग जमिनीच्या पोटात महिनोन्महिने धुमसते, वरून पाणी मारून विझत नाही. आता ते कालवे ठिकठिकाणी छोटे बांध घालून अडवतात, म्हणजे पाणी मुरतं आणि थर ओला राहतो. आपल्याकडे पोत्यात माती भरून वनराई बंधारा घालतात, तसलाच प्रकार.

ताई, सोपा उपाय सांगतो. मी इथून माझ्या कार्डानं त्यांना भरतो. तुम्ही तेवढे रुपये वरोऱ्याला माझ्या आईकडे द्या. दोन मिनिटांचं काम.

ताळेबंद
सिंगापुरी भाऊ, तुमची भावना चांगली आहे, पण हे अजिबात करू नका. परदेशात एकानं भरायचं आणि त्याच्या बदल्यात इथे दुसऱ्याच्या हातात रुपये द्यायचे, हे फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. यालाच हवाला म्हणतात. रक्कम लहान असो की मोठी.

ताई, आधी एवढंच सांगा. पैसे आत्ता कुठे आहेत आणि पावत्या कोणाच्या नावानं फाडल्या?

सिंगापुरी_वैदर्भीय
आईला पैसे देणं म्हणजे हवाला? जरा अतीच होतंय हे.

ताळेबंद
अती नाही. रिझर्व्ह बँकेला तुमची आई दिसत नाही, व्यवहार दिसतो. तुम्हाला द्यायचेच असतील तर स्वतःच्या खिशातून द्या, परत घेऊ नका.

मोहफूल
पैसे रोख आहेत, बचत गटाच्या अध्यक्षाबाईंच्या कपाटात. तिकिटांचे साडेअकरा हजार, त्याला वाचनालयाच्या पावतीपुस्तकातल्या पावत्या दिल्या. चटणीचे सात हजार, त्याला पावती नाही. वाचनालय धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे. बँकेचे साहेब म्हणाले ते वाचनालयाच्याच खात्याबद्दल. याचा काय संबंध?

ताळेबंद
सगळा संबंध इथेच आहे. तुमच्या बँकेचे साहेब चुकीचं बोलले नाहीत, फक्त कारण सांगितलं नाही.

बाहेरदेशी दान पाठवायची जी सोय आहे तिला एलआरएस म्हणतात. ती फक्त व्यक्तींसाठी आहे. भारतात राहणारा माणूस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतो, दानही त्यात बसतं. ट्रस्ट, मंडळ, वाचनालय यांना ती लागू नाही. शिवाय नोंदणीकृत ट्रस्टनं उत्पन्न देशाबाहेर खर्च केलं तर त्या रकमेवरची आयकराची सूट जाते, प्रत्यक्ष कर मंडळाची आधी मंजुरी नसेल तर.

म्हणून चटणीचे पैसे वेगळे. ते पोरांनी आणि तुम्ही मिळून कमावलेले आहेत, ते तुमच्या स्वतःच्या खात्यातून जाऊ शकतात. ज्या शाखेत परकीय चलनाचं काम चालतं तिथे जा, तालुक्याला नसेल तर चंद्रपूर किंवा नागपूर. पॅन कार्ड, ए-टू फॉर्म, संस्थेचा स्विफ्ट कोड आणि खाते क्रमांक. हेतूचा कोड एस १३०३, परदेशातल्या धार्मिक व धर्मादाय संस्थांना दान. ८०-जीची, म्हणजे दानावरची आयकराची सूट मिळणार नाही.

सावजी_नागपूर
आणि वर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर कापतील!

ताळेबंद
नाही. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस नाही. कृपया ऐकीव माहिती टाकू नका, बाई आधीच घाईत आहेत. बँकेचं कमिशन आणि मधल्या बँकेची कपात मात्र होईल. सात हजारांवर ती जाणवते. त्यामुळे वैनगंगाकाठ यांनी सांगितलं तसं परदेशात चालणारं डेबिट कार्ड बँकेकडून घेतलंत तर स्वस्त पडेल. तेही एलआरएसमध्येच मोजलं जातं, नियमाबाहेर नाही.

मोहफूल
आणि साडेअकरा हजारांचं काय? तेही त्याच फलकाखाली जमा झाले आहेत. पावतीपुस्तक हाताशी होतं म्हणून वापरलं.

ताळेबंद
पावतीपुस्तक वाचनालयाचं म्हणजे पैसे वाचनालयाचे. ते उद्याच वाचनालयाच्या खात्यात भरा, कपाटात ठेवू नका. माझ्या खात्यात घेऊन मीच पाठवते, असं तर अजिबात नको, हिशोब तपासणीत तुम्हीच अडकाल. पुढच्या वेळी गणपती मंडळं घेतात तशी ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणीची परवानगी आधीच घ्या, ती ऑनलाईन मिळते.

गवताळ
मग हे साडेअकरा हजार तरी देशातल्या जंगलाला द्या! ताळेबंद साहेबच सांगताहेत की बाहेर जाणार नाहीत. हूलॉकही झाडावरचाच, कुटुंबानं राहणारा.

राखीव_जंगल
देशातल्या म्हणजे आसामच का? ब्रह्मपुरी देशात नाही का?

मोहफूल
दोघांनाही हात जोडते, ते मी एकटी ठरवणार नाही. तिकिटं घेणारी बहुतेक माणसं ग्रामसभेला येतातच. २६ तारखेला दोन्ही रकमा वेगळ्या वाचून दाखवते. सात हजार गेल्याची पावती दाखवते, साडेअकरा हजार का अडले ते फोड करून सांगते, आणि त्यांनाच विचारते. माझं मत मात्र मी मांडणार. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी ओरांगउटानची तापानुली नावाची तिसरी जात वेगळी केली, ती सुमात्रात एकाच डोंगराळ पट्ट्यात आहे आणि ८०० सुद्धा उरलेली नाहीत. मादीला सात-आठ वर्षांनी एक पिल्लू होतं. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या जीवाला आपल्या सवडीनं मदत करून चालत नाही.

ताळेबंद दादा, ग्रामसभेनं ठराव केला तर मंजुरीसाठी अर्ज करता येईल का?

ताळेबंद
ग्रामसभेचा ठराव चांगलाच, पण अर्ज वाचनालयाचा असेल, तेव्हा वाचनालयाच्या विश्वस्तांचा ठराव लागेल. तो ग्रामसभेच्या आधी करून घ्या. वाचनालयाच्या घटनेत (नियमावलीत) वन्यजीव किंवा पर्यावरण हा उद्देश लिहिला आहे का ते पाहा. नसेल तर अर्ज तिथेच थांबेल. घटनेच्या उद्देशाच्या पानाचा फोटो मला व्यक्तिगत संदेशात पाठवा, इथे टाकू नका.

कास्तकार_दारव्हा
ताई, चटनीचं जवस कोनाकडून घेतलं होतं? पुढच्या मंडईले आमच्याकडून घ्या, मी एक एकर पेरतो.