मदत हवी आहे: टोमॅटोचा प्रोटीज इनहिबिटर पेशीत नक्की कुठे असतो?

गंगापूररोडकर
एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, प्लीज लवकर सांगा. इनहिबिटर-२ या प्रथिनाला (अळीच्या पोटातलं प्रोटीज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, अडवणारं) जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडून बेन्थामियानाच्या (तंबाखूच्या जातकुळीतलं रोप) पानात घातलंय. जिथे वाचावं तिथे व्हॅक्युओल (पेशीच्या मधली मोठी पिशवी) म्हणतात. मला मात्र पेशीच्या कडेने बारीक हिरवी रेघ दिसते, केंद्रक लख्ख चमकतं आणि मधे काळाकुट्ट. मॅडम म्हणतात 'सायटोप्लाझम' (पेशीद्रव्य) लिहून मोकळं हो. लिहू का? पुण्यात कॉन्फोकल मायक्रोस्कोपचा स्लॉट शुक्रवारी आहे.

पेशीवेडा
जीएफपी प्रथिनाच्या कुठल्या टोकाला, सुरुवातीच्या (एन) की शेवटच्या (सी)? पानं उजेडात होती की अंधारात? हे सांगितल्याशिवाय कोणीही काहीही ठोकून देईल.

निफाडकर
एचआयव्हीच्या गोळ्यांनाही हेच नाव आहे ना? टोमॅटोत कसं काय आलं?

सेंट्रिफ्यूजवाला
निफाडकर, त्या गोळ्या विषाणूचं प्रोटीज अडवतात, हे अळीच्या पोटातलं.
बाकी फोटोंच्या नादी लागू नका. प्रोटोप्लास्ट (भिंत काढलेल्या पेशी) करून व्हॅक्युओल वेगळे काढा, व्हॅक्युओलची खूण म्हणून अल्फा-मॅनोसिडेज एन्झाइमचा मार्कर घ्या, वेस्टर्न (अँटिबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) करा. बायोकेमिस्ट क्लॅरन्स रायन यांच्या लॅबने सत्तरच्या दशकातच वेगळ्या काढलेल्या व्हॅक्युओलमध्ये हे दाखवलंय, तेव्हा कुठे होतं जीएफपी?

पेशीवेडा
शुक्रवारपर्यंत? आणि घाईत पान वाटलं की व्हॅक्युओल फुटून सगळा माल सायटोप्लाझमच्या नळीत.

गंगापूररोडकर
एन टोकाला, लॅबमध्ये तोच वेक्टर (जीन पेशीत नेणारा डीएनए) होता. कुंडी खिडकीत असते. सिग्नल-पी हे सॉफ्टवेअर 'सिग्नल पेप्टाइड आहे' म्हणतं.

पेशीवेडा
मग झालं की! सिग्नल पेप्टाइड म्हणजे प्रथिनाने कुठे जायचं त्याचा पत्ता, ते एन टोकाला असतं, त्याच्याही पुढे जीएफपी चिकटवल्यावर पाकिटावरचा पत्ताच झाकला गेला. प्रथिन ईआरमध्ये (व्हॅक्युओलच्या वाटेवरचा पहिला थांबा) शिरलंच नाही, मग पुढचा थांबा गॉल्जी आणि व्हॅक्युओल कुठलं? जीएफपी २७ किलोडाल्टन, तुझं प्रथिन लहान, त्यामुळे दोन्ही मिळून केंद्रकात आरामात जातात. म्हणजे तू पाहतोयस ते टॅगमुळे वाट चुकलेलं प्रथिन. सायटोप्लाझम अजिबात लिहू नकोस. टॅग सी टोकाला घे.

सेंट्रिफ्यूजवाला
इतकं सोपं नसतं. तंबाखूच्या कायटिनेज एन्झाइमचा व्हॅक्युओलचा पत्ता सी टोकालाच असतो, तो झाकला की प्रथिन पेशीबाहेर जातं. तुमच्या सल्ल्याने उद्या 'पेशीभित्तिका' लिहून बसेल.

पेशीवेडा
म्हणून मॅनिटॉलच्या द्रावणाने प्लाझ्मोलिसिस करायचं, म्हणजे पेशीतलं पाणी ओढून घ्यायचं. पेशी आकसल्यावर हिरवं भिंतीपाशीच राहिलं तर बाहेर, आत सरकलं तर आत. शिवाय व्हॅक्युओलच्या आम्लात, त्यात उजेड असला तर जीएफपी टिकत नाही. कुंडी अंधारात ठेव नाहीतर लाल चमकणारं एमचेरी वापर.

अंडीवाले काका
सोयाबीन कोंबड्यांना कच्चं घालू नका. त्यातही असाच एक, ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, त्याने स्वादुपिंड सुजतं. नीट भाजून घाला.

निफाडकर
पण झाडात हे असताना फळ पोखरणारी अळी येतेच कशी? औषधाला पैसे आम्हीच घालतो.

पेशीवेडा
पान कुरतडलं की इनहिबिटर वाढतो, न कुरतडलेल्या पानांतही. हे १९७२ सालीच ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं. पण घाटेअळी पचनाचे एन्झाइमच बदलते. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मिरचीच्या इनहिबिटरवर याच अळीसाठी काम झालंय.

निफाडकर
म्हणजे फवारणी काही सुटत नाही.

गंगापूररोडकर
सी टोकाचा एमचेरी वेक्टर नाशकात कोणाकडे आहे का? पिंपळगावपर्यंत येऊन घेऊन जाईन.

सेंट्रिफ्यूजवाला
वेस्टर्नसाठी अँटिबॉडी आहे का ते आधी सांग.