मदत हवी आहे : सतराव्या शतकातील व्हर्जिनियाच्या न्यायालयीन नोंदींचे वाचन

व्हर्जिनियातील नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या न्यायालयीन नोंदी १६३२पासून सलग उपलब्ध आहेत आणि त्यांवर मी मराठीत एक लेख लिहीत आहे. आफ्रिकेतून आणला गेलेला आणि पुढे स्वतंत्र होऊन जमीन बाळगणारा शेतकरी अँथनी जॉन्सन याला आगीत मोठे नुकसान झाल्यावर न्यायालयाने त्याची बायको व दोन मुली यांचा कर माफ केला. त्याच जॉन्सनने १६५५ साली, जॉन कॅसर हा आपला आजन्म सेवक आहे, असा दावा शेजाऱ्याविरुद्ध जिंकला. तंबाखूच्या वजनात फेडली जाणारी देणी तर पानोपानी दिसतात.

१६४५पर्यंतच्या नोंदी छापील स्वरूपात मिळाल्या, परंतु मला हवा असलेला काळ त्यानंतरचा असल्याने हस्तलिखिताच्या छायाप्रतींवाचून गत्यंतर नाही. नवे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे मार्चच्या आरंभी लागलेल्या कॅसरच्या निकालावर १६५५ऐवजी १६५४ हे साल दिसते, एवढे उलगडले आहे. वर्णमालेचे तक्ते समोर ठेवून अक्षरेही बरीचशी लागतात (मोडीचा सराव इथे अनपेक्षितपणे कामी आला).

अडचण संक्षेपांची आहे. ‘पी’च्या दांड्याला आडवी रेघ असल्यास ‘पर’ किंवा ‘पार’ आणि डावीकडून वळसा असल्यास ‘प्रो’ वाचावे, हा नियम ठाऊक आहे; मात्र घाईने लिहिणाऱ्या कारकुनाच्या हस्ताक्षरात दोन्ही खुणा सारख्याच दिसतात. प्रत्यक्ष नोंदवह्या पाहायला जाणे मला शक्य नाही. अशा ठिकाणी केवळ संदर्भावर विसंबावे, की त्याच कारकुनाच्या निःसंदिग्ध शब्दांचा तक्ता आधी तयार करावा, आणि तसा तक्ता कोणी केला असल्यास तो कसा मांडला?